राजेळीचं माहेर

जयदेव भोईरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा निम्मं बदलापूर पेटलं होतं. निदान मला तरी तसं वाटलं. १९९० सालचा डिसेंबर होता. परळची खोली सोडून आम्ही नुकतेच मांजर्लीत राहायला आलो होतो. सकाळी खिडकी उघडली तर समोर नदी नव्हती, झाडं नव्हती, मांजर्लीही नव्हती. होता तो नुसता धूर. पुराणात राक्षस प्रकट होण्याआधी येतो तसला दाट, घट्ट, चावून खाता येईल असा धूर. मी बादली उचलली, बायकोने मागून "हंडाही न्या" म्हणून सांगितलं आणि मी धावलो. वाटेत दोन कुंपणं ओलांडली, एका म्हशीला वळसा घातला, एका कुत्र्याने मला वळसा घातला आणि मी आगीच्या तोंडाशी पोचलो.

तिथे धुरात एक म्हातारी उभी होती. अंगावर काळी घोंगडी, त्यावर लाल स्वेटर, वर टोकाला कानटोपी. हालचाल काही नाही.

"आजी, बाजूला व्हा," मी ओरडलो. आजी ढिम्म. मी त्यांना कवेत धरून ओढलं. आजी गार होत्या, ओल्या होत्या आणि जमिनीत रोवलेल्या होत्या. मग मी विचार सोडला आणि बादली आगीवर ओतली.

चुर्र आवाज झाला आणि धुरातून एक माणूस बाहेर आला. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, मिशीवर राख. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"विझवली का?" त्याने विचारलं.

"विझवली," मी छाती फुगवून म्हणालो.

"पहाटपासून पेटवत होतो," तो म्हणाला. "आता ही गारठली म्हंजे तुमी येनार का उब द्यायला?"

आणि त्याने त्या आजीची कानटोपी नीट केली. टोपीखाली हिरवं पान होतं. ती केळ होती. माणूस बनियनवर कुडकुडत होता आणि झाड घोंगडी पांघरून उभं होतं. जयदेव भोईर म्हणजे काय, हे मला त्याच क्षणी समजायला हवं होतं. पण मी परळचा. आम्हाला केळं माहीत होतं ते हातगाडीवरचं. ते कुठून येतं याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

जयदेव मांजर्लीतला जुना रहिवासी. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. पहिली पाळी असली की संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी आणि तिसरी असली की झोपेच्या वेळात तो केळी करायचा. घरामागे फार जागा नव्हती, पण होती तेवढ्यात त्याने केळींचं एक एकत्र कुटुंब वसवलं होतं, आणि नव्या पाहुण्याला तो त्याची ओळख करून द्यायचा.

"ही बसराई. बुटकी, पन कामाची. हिला काय बोलावं लागत नाय. वेल झाली की घड देते नि गप उभी राहते."

"ही वेलची. फल एवढंसं, साल कागदासारखी. गोड हाय, पन नाजूक. जरा वारा लागला की पान फाडून घेते, नि मग दोन दिवस तोंड पाडून बसते."

"ही तांबडी. हिच्याकडं बघत बसू नका. घाई केलेली हिला आवडत नाय. दोन पावसाले तरी घेते."

"ही भुरकेली. भाजीची. हिला थंडी लागत नाय, पूर लागत नाय, ढोर लागत नाय. आमच्या कारखान्यातल्या फोरमनसारखी हाय, काय वाट्टेल ते होवो, जागेवर."

आणि मग आवाज खाली आणून, देवळात बोलतात तसा: "नि ही राजेली."

राजेळी म्हणजे स्वेटरवाली. न्हाणीच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत तिला जागा दिली होती, कारण तिथे दिवसभर ऊन येतं आणि भिंत रात्रीपर्यंत कोमट राहते. बुडाशी भाताचं तूस, त्यावर सुकी पानं, त्यावर राख. जयदेवचं म्हणणं असं की केळीला थंडी पायातून चढते. म्हणून न्हाणीच्या मोरीचं तोंडही त्याने तिच्या आळ्याकडे वळवलं होतं आणि घरातल्या सगळ्यांना गरम पाण्याची सक्ती केली होती. त्या हिवाळ्यात भोईरांच्या घरात जेवढ्या अंघोळी झाल्या तेवढ्या त्यांच्या सात पिढ्यांत झाल्या नसतील. साबण मात्र बंद. साबण राजेळीला चालत नसे.

लाल स्वेटर उल्हासनगरचा. तो आणायला गेलेल्या दिवसाची हकीकत जयदेवची बायको द्रौपदी सांगायची, आणि दर वेळी तेवढ्याच चवीने सांगायची. टेकचंद नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं दुकान. तो ढीग उपसत म्हणाला, "बोलो साईं, लेडीज का जेन्ट्स?"

"केलीला पायजे," जयदेव म्हणाला.

"छाती किती?"

"छाती नाय तिला. बुंधा हाय." आणि जयदेवने दोन्ही हातांचा वेढा करून दाखवला.

टेकचंदने क्षणभर त्या वेढ्याकडे पाहिलं, मग द्रौपदीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सगळ्यांत मोठा स्वेटर काढून दिला. "साईं, धुलाई के बाद ढीला होगा," तो म्हणाला. "झाड वाढेल, स्वेटर पण वाढेल. फिकीर नको."

"लगीन झाल्यापासून मना एक शाल नाय घेतली," द्रौपदी सांगताना शेवट करायची. "नि सवतीला लोकरीचा स्वेटर."

आता या सवतीचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं.

द्रौपदी वसईकडची. तिच्या माहेरी केळीची वाडी. राजेळी ही तिकडची राणी. उंच, डौलदार, घडाला केळी थोडी पण एकेक केळं हातभर. ती पिकली की तुपात परतून खायची, नाहीतर उन्हात सुकवून सुकेळी करायची. लग्नानंतर धोंड्याचा महिना आला तेव्हा जावई म्हणून जयदेव सासरी गेला. सासूबाईंनी, त्यांना सगळे माई म्हणत, ताटात तुपातली राजेळी वाढली. जयदेवने पहिला तुकडा उचलला आणि नव्या जावयाच्या उत्साहात म्हणाला, "माई, ही आमच्या मांजर्लीला पन होईल."

त्यावर द्रौपदीचा भाऊ अनंता हसला. नुसता हसला असता तर काही झालं नसतं. तो बोललाही. "भावजी, बदलापुरात? डोंगर नि नदीच्या मधी? तिथं हिवाल्यात मानसाचं नाक गलतं. राजेलीचा घड गल्यातच अडकेल."

जयदेवने तो तुकडा तोंडापर्यंत नेलेला तसाच ताटात ठेवला. "ज्या दिवशी माझ्या अंगनातला राजेलीचा घड घेऊन येईन," तो म्हणाला, "त्या दिवशी या घरात जेवेन." पाणी प्यायला आणि उठला.

माणसं रागाच्या भरात असं काहीबाही बोलतात आणि संध्याकाळी विसरतात. जयदेवची अडचण अशी की त्याची स्मरणशक्ती चांगली होती. त्यानंतर तो सासरी गेला नाही असं नाही. नियमित गेला, सगळ्यांशी गोड बोलला, आणि जेवायच्या वेळी ओटीवर बसून घरून नेलेला डबा उघडला. अनंताच्या लग्नात पंगतीच्या पंगती उठत होत्या तेव्हा सख्खा जावई मांडवाच्या खांबाला टेकून सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खात होता. नवरीकडच्या लोकांना वाटलं, याला काही व्रत आहे. त्यांनी त्याच्या पाया पडून घेतलं.

आणि दर खेपेला येताना तो अनंताकडून राजेळीचा एक मुनवा घेऊन यायचा. मुनवा म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारं पिल्लू. लावायचं ते तेच. अनंता उदार मनाने उपटून द्यायचा. "घ्या भावजी. अजून एक घ्या मारायला."

पहिली राजेळी थंडीने पिवळी पडून गेली. दुसरी चांगली माणसाच्या वर गेली, तर एका पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि जाताना तिला घेऊन गेली. बसराई, भुरकेळी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं सोडून फक्त राजेळी. "नदीला पन चव कलते," जयदेव म्हणाला, आणि तिसरा मुनवा आणायला निघाला.

दुसरा धोंड्याचा महिनाही असाच डब्यावर गेला. तेव्हा माईंनी एक गोष्ट सांगून ठेवली. "पुढच्या धोंड्याला जावई या घरात जेवला नाय," त्या म्हणाल्या, "तर त्यापुढं महिनाभर मी पन जेवनार नाय. एकदा चाय घेईन, बस." माई तोपर्यंत चांगल्या थकल्या होत्या. आणि भोईरांच्या घरातल्यासारखी चांगली स्मरणशक्ती त्यांच्याही घरात होती.

तो पुढचा धोंड्याचा महिना १९९१ च्या एप्रिलात लागणार होता. म्हणजे मी ज्या आजींना ओढत होतो त्या तिसऱ्या राजेळीवर केवळ जयदेवची मिशी नव्हे, एका म्हातारीचं जेवण टांगलेलं होतं. हे कळल्यावर मी शरमेने दोन दिवस शेकोटीला लाकडं वाहिली. त्यामुळे आमची मैत्री झाली.

जानेवारीत थंडी वाढली. माथेरानच्या बाजूने वारा यायचा आणि नदीवरचं धुकं दहा वाजेपर्यंत घरात बसलेलं असायचं. एका सकाळी जयदेव माझ्या दारात आला. तोंड उतरलेलं.

"भाऊ, अडकली."

आम्ही जाऊन पाहिलं. राजेळीने शेवटचं पान टाकलं होतं. केळ ते अगदी आखूड टाकते, आता यानंतर घड, असं सांगायला. वर बुंध्याचा गळा सुजल्यासारखा फुगला होता. घड आत आला होता आणि बाहेर पडायला वाट नव्हती. अनंताने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मी म्हणालो, शेतकी खात्यात जाऊन विचारू. जयदेव म्हणाला, ते ठाण्याला हाय, तवर ही जाईल. मग तो जरा वेळ गळ्याकडे बघत राहिला, सायकल काढली आणि कुठे जातो न सांगता निघून गेला. दुपारी परत आला तो मागच्या कॅरियरवर एका बाईला बसवून.

ती भिकी. वांगणीच्या बाजूच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतली. बदलापूरच्या बाजारात लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची, पण तिचं खरं काम सुइणीचं. वाडीतले निम्मे लोक तिच्या हातावर जगात आलेले होते. जयदेवने तिला बाजारातून उचललं होतं. घरी एक अडलेली आहे, एवढंच सांगून.

भिकी सायकलवरून उतरली, पदर खोचला, हात धुतले आणि म्हणाली, "कुठं हाय बाय?"

जयदेवने न्हाणीच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिकीने स्वेटर पाहिला. कानटोपी पाहिली. मग जयदेवकडे वळली. "ही?"

"ही."

मला वाटलं, आता ही बाई मोळीतलं लाकूड काढते. पण भिकी आपल्या कामाला जागणारी होती. तिने स्वेटर उचलून बुंध्यावर हात फिरवला, गळ्याशी चाचपलं, कान लावला. म्हणाली, "खोबऱ्याचं तेल आना." तेल आलं. तिने बुंधा वरून खाली चोळला. गरम पाणी आणा, म्हणाली. ते बुडाशी ओतलं. मग तिने सगळ्या पुरुषांना मागे फिरून उभं राहायला सांगितलं. पुरुष म्हणजे मी आणि जयदेव. आम्ही मागे फिरलो. जयदेव तर अंगणात येरझाऱ्या घालू लागला, आणि तो घालतोय म्हणून मीही.

काही झालं नाही. केळ होती तशी उभी.

"कितवी खेप हिची?" भिकीने विचारलं.

"पहिलीच."

"पहिलटकरीन?" भिकीचा आवाज चढला. "नि तू हिला सासरी ठेवलीस? पहिली खेप माहेरी करायची असते, एवढं कलत नाय तुला? कुठली ही?"

"वसईची," जयदेव चोरासारखा म्हणाला.

"मग वसईला ने. हिच्या मायला बोलव, नाय तर भनीला बोलव. माहेरचा हात लागल्याबिगर ही सोडायची नाय." आणि तिने हात पुसले.

आता वसई ही काही शेजारची गल्ली नव्हे आणि राजेळी ही काही सायकलच्या कॅरियरवर बसणारी बाई नव्हे. जयदेव तिथेच आळ्याशेजारी बसला. त्याचा चेहरा पाहून मला माईंचा एकदाच मिळणारा चहा आठवला.

तेव्हा दारातून द्रौपदी आली. सकाळपासून ती उंबऱ्यात बसून भात पाखडत होती आणि सगळा तमाशा बघत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"हिचं माहेरचं मानूस हाय की इथं," ती म्हणाली. "उठा तिथून."

कोपऱ्यातला कोयता तिने घेतला, धार अंगठ्यावर पाहिली. राजेळीचा स्वेटर उतरवला, घोंगडी उतरवली. ओट्यावर चढून गळ्याशी जिथे फुगवटा होता तिथे बोटाने दाबत दाबत जागा शोधली, आणि कोयत्याच्या टोकाने वरून खाली एक चीर दिली. वरवरची, आतल्या दांड्याला लागणार नाही अशी. पाणी ओघळलं. जयदेवने डोळे मिटले होते.

"झालं," द्रौपदी म्हणाली. "दोन दिवसांत बाजूनं बाहेर येईल. आमच्या वाडीत ज्या वर्षी थंडी पडायची त्या वर्षी बाबा असंच करायचे."

जयदेवने डोळे उघडले. मग जयदेव हळूच म्हणाला, "तुला म्हाईत होतं?"

"लहान व्हते तवापासून."

"मग इतकी वर्सं बोलली का नाय?"

"का बोलू?" द्रौपदीने कोयता पुसला. "बोललात तुमी माज्या भावाला. मी काय तुमच्या बाजूनं होते? अनंताचंच खरं व्हावं, असंच वाटायचं मना. रोज सकाली उठून बघायचे, मेली का."

"नि आता?"

"आता माई जेवनार नाय म्हनते ना." ती सूप उचलून आत गेली. जाताना थांबून भिकीला म्हणाली, "बाय, चाय घेऊन जा. नि तेलाचं बोलू नको कोनाला, नाय तर हे उद्या बसराईला पन चोलायला बोलवतील."

दोन दिवसांत नाही, चार दिवसांत, चिरेतून जांभळं टोक बाहेर आलं. जयदेव ते दाखवायला सबंध मांजर्लीला घेऊन आला. मला तर तीनदा. पुढे केळफूल वाकलं, फण्या सुटल्या, बांबूचा टेकू लागला. घड बाजूने आल्यामुळे वाकडा होता, एका खांद्यावर घागर घेतलेल्या बाईसारखा. पण राजेळीचा होता. केळी भरत गेली तसतसा जयदेवही भरत गेला.

मेच्या सुरुवातीला घड उतरवला, पेंढ्यात गुंडाळून पिकवला आणि धोंड्याचा महिना संपायच्या आत आम्ही वसईला निघालो. टेकचंदने आपला टेम्पो दिला होता. आपला स्वेटर कोणाच्या अंगावर जातोय हे त्याला बघायचंच होतं, पण दुकान सोडून येता येईना. घड मागे, लाल स्वेटर आणि घोंगडीत. वाटेत जकात नाक्यावरच्या माणसाने घोंगडी उचलून पाहिली, काही विचारलं नाही, आणि परत नीट पांघरून घातली.

अनंता वाडीच्या तोंडाशी उभा होता. त्याने घड खाली उतरवून घेतला, फिरवून फिरवून पाहिला. एक केळं हातात धरलं, वास घेतला, सालीवर नख लावलं. जयदेव श्वास धरून उभा.

"राजेलीच हाय," अनंता म्हणाला.

जयदेवने श्वास सोडला.

"पन वाकडी हाय."

"तू सरल आहेस काय?" जयदेव म्हणाला.

अनंताने घडाचा दांडा उलटा केला. चिरेच्या जागी तो एका बाजूला दबलेला होता. तो त्याने बोटाने चाचपला, मग मान वर करून बहिणीकडे पाहिलं. द्रौपदी तेवढ्यात विहिरीकडे काहीतरी बघत होती. "हा हात आपल्या घरचा हाय," अनंता हळूच म्हणाला. मग दिवसभर तिला चिडवत होता, "या बदलापूरकर," म्हणून.

माईंनी स्वतः चुलीपुढे बसून राजेळी तुपात परतली. वर गूळ, वर ओलं खोबरं. जावयाला पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी घातली, अंगावर नवा शर्ट दिला, वाण दिलं. अनंताने स्वतः वाढलं. सगळं घर, वाडीवरचे गडी, टेम्पोवाला आणि मी, असे सारे जण उभे राहून बघत होते. जयदेवने कित्येक वर्षांपूर्वी खाली ठेवलेला तो तुकडा पुन्हा उचलला आणि तोंडात घातला.

माई डोळे पुसत हसल्या आणि मग स्वतःही जेवायला बसल्या. आम्ही सगळे जेवलो. मी तर इतका जेवलो की परतीच्या वाटेवर टेम्पोत मला घोंगडीत घालून आणावं लागलं.

"कशी लागली?" वाटेत मी जयदेवला विचारलं.

"गोड असते फार," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "हिच्यापेक्षा बसराईच बरी."

द्रौपदीने ऐकलं. अंगातला लाल स्वेटर तिने नीट ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मे महिना होता, पण टेम्पोत वारा लागतो.

पाऊस सुरू झाल्यावर एकदा मी राजेळीच्या पुढच्या पिलांची चौकशी करायला त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. न्हाणीच्या मोरीचं तोंड पुन्हा गटाराकडे वळवलेलं होतं. घरात साबण सुरू झाला होता.

"राजेली काढली," जयदेव म्हणाला. "जेवन झालं ना आता."

तिच्या जागी त्याने अळू लावला होता.